मूठ उघडायला लावणारी स्पर्धा : फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनच्या अलायन्स पद्धतीचे परीक्षण

पात्रता फेरीचा सामना सुरू होण्याआधी मैदानाबाहेरच्या रांगेत तीन संघ आपापला रोबोट चाकांच्या गाड्यावर ठेवून उभे असतात. तिघांची ओळख बहुतेक वेळा त्याच दिवशी झालेली असते आणि पुढची साधारण अडीच मिनिटे त्यांना एका बाजूने खेळायचे असते. कोणीतरी मैदानाचा आराखडा छापलेली पांढरी पाटी गुडघ्यावर धरतो, तिच्यावर तीन रंगांच्या रेघा उमटू लागतात, आणि सुरुवातीच्या काही सेकंदांत, म्हणजे रोबोट चालकाशिवाय निव्वळ प्रोग्रॅमवर चालतात त्या वेळात, कोणाची वाट कोणाला आडवी जाते हे बोटांनी दाखवले जाते. मग सामन्याच्या शेवटी रोबोटने वर चढण्याच्या कामाविषयी एखादी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी शांतपणे विचारते, "तुमचा क्लाइम्ब दहापैकी किती वेळा होतो? खरा आकडा सांगा." समोरचा मुलगा आपल्या जोडीदाराकडे एकदा पाहतो आणि म्हणतो, "सहा. आज सकाळपासून धरलं तर पाच." पाटीवरची एक रेघ पुसली जाते, दुसरी ओढली जाते आणि रांग पुढे सरकते.

हे परीक्षण मी त्या "पाच"पासून सुरू करतो, कारण चार हंगाम एका संघाचा मार्गदर्शक म्हणून वावरल्यानंतर शाळकरी मुलांच्या या रोबोट स्पर्धेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे उत्तर. रोबोटचे सुटे भाग, प्रोग्रॅमिंगची साधने किंवा शिष्यवृत्त्या यांविषयी मी येथे लिहिणार नाही. संघांनी एकमेकांशी कसे वागावे यासाठी स्पर्धेने जी यंत्रणा उभारली आहे, ती प्रत्यक्षात कितपत चालते, एवढेच मला तपासायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची हा आपला जुना हिशेब या स्पर्धेने उलटा फिरवला आहे आणि त्यासाठी उपदेशावर विसंबून न राहता नियमच तसे बांधले आहेत. मात्र ही बांधणी काही ठिकाणी कच्ची आहे आणि ती नेमकी दुबळ्या संघांच्या बाजूला कच्ची आहे.

डीन केमन यांनी 1989 मध्ये फर्स्ट ही संस्था स्थापन केली आणि 1992 मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यातल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत 28 संघांची पहिली स्पर्धा झाली. तेव्हा प्रत्येक संघ स्वतःपुरता खेळत असे. 1999 च्या हंगामात दोन विरुद्ध दोन अशी अलायन्सची पद्धत आली, 2001 मध्ये चार संघ एका बाजूला आणि समोर प्रतिस्पर्धीच नाही असाही प्रयोग झाला, आणि 2005 पासून तीन विरुद्ध तीन ही घडी बसली. एमआयटीतील प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी रुजवलेली "ग्रेशस प्रोफेशनॅलिझम" ही संज्ञा, म्हणजे अटीतटीने खेळावे पण समोरच्याचा मान राखून, स्पर्धेत जागोजागी ऐकू येते. अलायन्सला मराठीत युती म्हणता आले असते, परंतु तो शब्द वर्तमानपत्रांनी इतका मळवून ठेवला आहे की मुलांच्या तोंडचा अलायन्स हाच शब्द मी येथे वापरतो.

पात्रता फेरीत प्रत्येक संघ साधारण दहा-बारा सामने खेळतो आणि प्रत्येक सामन्यात त्याचे साथीदार आणि प्रतिस्पर्धी बदलतात. वेळापत्रक संगणक ठरवतो. सकाळी ज्याच्याविरुद्ध खेळलो तो दुपारी शेजारी उभा असतो, आणि संध्याकाळी बाद फेरीसाठी आपल्याला निवडायचे की नाही हे कदाचित त्याच्याच हाती असते. त्यातच क्रमवारी केवळ विजयावर ठरत नाही. 2025 च्या हंगामात सामना जिंकल्यास 3 रँकिंग पॉइंट होते आणि ठरावीक कामगिरी पूर्ण केल्यास आणखी 3 मिळवता येत होते. म्हणजे हरलेल्या अलायन्सनेही आपले काम चोख केले, तर एका विजयाइतके पदरात पडत होते. त्यामुळे सामना हातचा गेला आहे हे दिसत असतानाही तिन्ही रोबोट शेवटच्या सेकंदापर्यंत झटत राहतात, आणि "आपल्या साथीदारांमुळे आपण हरलो" असे म्हणण्याची सोय बरीच कमी होते. पूर्णपणे जात नाही. मुले अखेर मुलेच असतात आणि मार्गदर्शक त्यांच्याहून मोठी मुले असतात.

मूठ झाकली तर काय होते, हे आम्ही आमच्या दुसऱ्या हंगामात शिकलो. आमचा स्वयंचलित टप्प्याचा प्रोग्रॅम सरावाच्या मैदानावर दोनदा नीट चालला होता आणि पाच-सहा वेळा फसला होता. रांगेत साथीदारांनी विचारले तेव्हा आमच्या चालकाने "चालतो" एवढेच सांगितले, आणि मी मागे उभा असूनही त्याला दुरुस्त केले नाही, कारण साथीदारांपैकी एक संघ क्रमवारीत वरच्या आठांत होता आणि त्याच्यावर छाप पडावी अशी माझीही इच्छा होती. सामना सुरू झाल्यावर चौथ्या सेकंदाला आमचा रोबोट डावीकडे वळण्याऐवजी सरळ गेला आणि त्या संघाच्या रोबोटच्या उघडलेल्या हातावर आदळला. त्यांचा हात वाकला आणि उरलेला सामना त्यांनी नुसते फिरत काढला. सामन्यानंतर त्यांच्याकडून एकही कडवट शब्द आला नाही. उलट त्यांचा एक मुलगा आमच्या पिटमध्ये, म्हणजे रोबोट दुरुस्तीच्या जागेत आला, तुमच्या डाव्या चाकाचे फेरे मोजणाऱ्या एन्कोडरची वायर सैल लोंबत होती, मी रांगेतच पाहिली होती, असे म्हणाला आणि खिशातून झिप टाय काढून देऊन गेला. संध्याकाळी तोच संघ बाद फेरीसाठी साथीदार निवडणारा कर्णधार झाला आणि त्यांनी आमच्यापेक्षा क्रमवारीत नऊ जागा खाली असलेला रोबोट निवडला. त्या निवडीत राग मुळीच नव्हता, नुसता हिशेब होता. ज्याच्या सांगण्यावर योजना आखता येत नाही, तो रोबोट कितीही चांगला असला तरी परवडत नाही.

बाद फेरीसाठीची ही निवड हा या स्पर्धेचा सर्वांत रंगतदार भाग आहे आणि रोबोट एका जागी थांबलेले असताना तो घडतो. क्रमवारीतील पहिल्या आठ संघांचे प्रतिनिधी मैदानावर रांगेत उभे राहतात आणि एकेक जण आपला पहिला साथीदार जाहीर करतो. कर्णधार दुसऱ्या कर्णधारालाही बोलावू शकतो; तसे झाले तर खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात आणि नववा संघ अचानक कर्णधार होतो. पहिली फेरी एकपासून आठपर्यंत जाते आणि दुसरी आठपासून एकपर्यंत उलटी येते, म्हणून आठव्या कर्णधाराला लागोपाठ दोन निवडी मिळतात आणि पहिल्याला पहिली निवड केल्यावर थेट सोळाव्या निवडीची वाट पाहावी लागते. नकार देण्याची मुभा आहे, पण नकार देणाऱ्या संघाला नंतर दुसरा कोणी निवडू शकत नाही. तो स्वतः कर्णधार असेल किंवा होणार असेल तरच खेळात राहतो. या एका नियमाने "याहून चांगले बोलावणे येईल" या आशेवर अडून बसण्याची वाट बंद होते आणि संध्याकाळच्या त्या पंधरा-वीस मिनिटांना शिस्त येते.

नवखे संघ येथे एक चूक हमखास करतात. सर्वाधिक गुण करणाऱ्या रोबोटांची उतरती यादी बनवायची आणि वरून नावे घ्यायची, हीच त्यांची पिकलिस्ट असते. परंतु मैदान एकच, गुण करण्याच्या जागा मोजक्या, आणि तिन्ही रोबोट एकाच कोपऱ्यात घुसू लागले तर ते प्रतिस्पर्ध्यापेक्षा एकमेकांनाच जास्त अडवतात. मुरलेले संघ आधी आपल्या रोबोटचे काम ठरवतात, मग दुसऱ्या रोबोटने काय करावे हे ठरवतात आणि तिसरा निवडताना वेगळेच प्रश्न विचारतात: याची चाके आणि बैठक भक्कम आहे का, दिवसभरात तो एकदा तरी मैदानात बंद पडला का, त्याचा चालक दंड ओढवून न घेता बचाव करतो का, आणि तुम्ही आज गुण करू नका, नुसते अडवा, असे सांगितले तर त्या संघाला ते चालेल का. पहिल्या क्रमांकाच्या अलायन्सची खरी परीक्षा त्या सोळाव्या निवडीत होते. पहिला साथीदार कोण, हे तर स्टँडमध्ये बसलेल्या आजीलाही कळते.

ही माहिती येते स्काउटिंगमधून. प्रत्येक सामन्यात सहा रोबोट असतात, म्हणून सहा मुले दिवसभर स्टँडमध्ये बसून एकेका रोबोटवर नजर ठेवतात आणि त्याने काय केले ते टॅब्लेटवर किंवा कागदावर टिपतात. जोडीला सार्वजनिक आकडेवारीही आहे. द ब्लू अलायन्स या संकेतस्थळावर सामन्यांचे निकाल आणि चित्रफिती एकत्र सापडतात. गुण तीन संघांचे मिळून नोंदले जातात, तरी सर्व सामन्यांची समीकरणे मांडून लीस्ट स्क्वेअर्स या गणिती पद्धतीने एकेका संघाचा वाटा अंदाजे काढता येतो; त्याला ओपीआर म्हणतात. स्टॅटबॉटिक्स या संकेतस्थळाचा ईपीए हा त्याच कामासाठीचा नवा मापदंड आहे. आकडे चांगले असले तरी त्यांना एक मोठा आंधळा कोपरा आहे. जो रोबोट दुसऱ्यासाठी वाट मोकळी करतो, साथीदारापर्यंत सामान पोहोचवतो किंवा प्रतिस्पर्ध्याचा सर्वांत धोकादायक रोबोट दोन मिनिटे जखडून ठेवतो, त्याचे श्रम ओपीआरमध्ये दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात किंवा कोणाच्याच खात्यावर जमा होत नाहीत. ते पाहायला माणसाचा डोळाच लागतो, आणि तो डोळा दुपारी तीननंतर पेंगतो, हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या एका मुलीने टिपणाच्या रकान्यात एका संघापुढे "साथीदार घाबरला की थांबतो" असे लिहिले होते. त्या संघाला आम्ही निवडले, आणि त्या हंगामात आमच्याकडे जमलेल्या साऱ्या आकड्यांपेक्षा ती ओळ अधिक उपयोगी ठरली.

लहान संघांकडे स्काउटिंगसाठी सहा मुले नसतात. त्यावर संघांनीच उपाय शोधला आहे: तीन-चार लहान संघ मिळून माणसे एकत्र करतात, माहिती सगळ्यांची सामाईक ठेवतात आणि फक्त पिकलिस्ट ज्याची त्याची ठेवतात. कच्ची माहिती वाटल्याने फारसे काही जात नाही, तिच्यातून काढलेला निष्कर्ष हेच आपले भांडवल, हे पंधरा वर्षांच्या मुलांना कोणी न शिकवता कळते, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

आता कोऑपर्टिशनकडे वळतो. सहकार्य आणि स्पर्धा हे दोन शब्द एकमेकांत गुंफून केलेली ही संज्ञा काही हंगामांत थेट खेळाच्या नियमांत उतरते आणि प्रतिस्पर्ध्याला मदत केल्याबद्दल दोन्ही बाजूंना लाभ देते. 2012 मध्ये मैदानाच्या मधोमध एक झुलता पूल होता. त्यावर दोन्ही अलायन्सचा एकेक रोबोट एकत्र चढून तोल साधून राहिला, की दोघांनाही क्रमवारीचे 2 गुण मिळत आणि सामना जिंकल्याचेही 2च मिळत. प्रसंग डोळ्यांचे पारणे फेडणारा होता, पण मला ते वजन जास्त वाटते, कारण सामन्याचा निकाल आणि पुलावरचा समझोता एकाच भावाने विकला जाऊ लागला. 2024 मध्ये उलटे झाले. चालकांच्या वेळेतील पहिल्या 45 सेकंदांत दोन्ही बाजूंनी खेळात जमवलेल्या रिंगांपैकी आपल्या खात्यातली एकेक रिंग खर्च करून बटण दाबले, की अतिरिक्त रँकिंग पॉइंटसाठी लागणाऱ्या रिंगांची संख्या 18 वरून 15 वर येई. हे इतके स्वस्त होते की रांगेतच "कोऑप करणार ना?", "हो" एवढे बोलणे पुरे होई, आणि सहकार्य म्हणजे बटण दाबायची आठवण ठेवणे एवढाच अर्थ उरला.

माझ्या मते सर्वांत चांगला जमला तो 2025 चा नियम. दोन्ही अलायन्सने आपापल्या प्रोसेसरमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेच्या खिडकीत, किमान दोन चेंडू टाकले, की रँकिंग पॉइंटसाठी मैदानातल्या रीफ या उभ्या रचनेच्या चारही पातळ्या भरण्याऐवजी तीन भरल्या तरी चालत असे. गोम अशी, की प्रोसेसरमध्ये टाकलेल्या चेंडूचे आपल्याला 6 गुण मिळत, पण तो चेंडू प्रतिस्पर्धी अलायन्सच्या खेळाडूच्या हातात जाई, आणि त्याने तो जाळ्यात अचूक फेकला तर त्यांना 4 गुण मिळत. म्हणजे मदत करायची तर तिची किंमत मोजावी लागे आणि ती किंमत समोरच्याच्या नेमबाजीवर अवलंबून असे. त्यामुळे रांगेतली चर्चा एकदम जिवंत झाली. त्यांचा फेकणारा कसा आहे, आपल्याला चौथी पातळी नाहीतरी गाठता येणार आहे का, आणि येणार असेल तर त्यांना हा पॉइंट आपण का मिळवून द्यावा, असे प्रश्न मुले एकमेकांना विचारू लागली. क्रमवारीत वर असलेल्या संघाने मदत नाकारली तर तो त्याचा हक्कच होता, आणि तरीही फार थोड्यांनी नाकारली. संध्याकाळी निवड आहे, हे प्रत्येकाच्या मनात असतेच.

सहकार्य कोठे संपते आणि संगनमत कोठे सुरू होते, यावर नियमपुस्तक स्पष्ट आहे. ज्या अलायन्सचे आपण सदस्य नाही, तिला कुवतीपेक्षा कमी खेळायला सांगणे निषिद्ध आहे. मात्र आपल्याच अलायन्समध्ये, आपण सारे खेळत असलेल्या सामन्यासाठी काय करायचे आणि काय सोडून द्यायचे, हे ठरवायला पूर्ण मोकळीक आहे. ही रेघ योग्य जागी ओढलेली आहे.

परंतु त्याच मोकळिकीत माझी सर्वांत मोठी तक्रार दडलेली आहे. रांगेतल्या त्या पाटीभोवती तिन्ही संघ समान आहेत असे कागदावर असले, तरी मार्कर बहुधा मोठ्या संघाच्या हातात असतो. कोच प्रौढ असू शकतो, आणि पंधरा हंगाम पाहिलेला प्रौढ कोच समोर असला की पहिल्याच वर्षीच्या संघातील मुले मान डोलावण्यापलीकडे काही करत नाहीत. "तुम्ही सुरुवातीची रेघ ओलांडा आणि मग कोपऱ्यात उभे राहा, कोणाच्या वाटेत येऊ नका," हे वाक्य मी किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही. डावपेच म्हणून ते अनेकदा बरोबर असते. अडखळणारा रोबोट मैदानाच्या मधोमध असण्यापेक्षा कोपऱ्यात बरा. तरीही ज्या मुलांनी आठवडेच्या आठवडे खपून काहीतरी बनवले, त्यांनी अडीच मिनिटे ते हलू द्यायचे नाही, यात काहीतरी चुकते आहे. स्पर्धेच्या रचनेत याला उत्तर नाही. दुसरी बाजूही आहे: पात्रता फेरीत बलाढ्य साथीदार वारंवार मिळाल्याने आयत्या पिठावर रेघोट्या ओढत वरच्या आठांत पोहोचलेला संघ जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत एखादा असतोच, आणि कर्णधार म्हणून निवडीला उभा राहिल्यावर त्याच्या हातात पिकलिस्टही नसते. दहा-बारा सामन्यांत नशिबाचा वाटा एवढा राहणारच. 2023 पासून बाद फेरीत हरलेल्या अलायन्सला दुसरी संधी देण्याची पद्धत आली, तिने निदान तेथील नशीब थोडे आवरले आहे.

इतर स्पर्धांशी तुलना करायची तर लहान मुलांसाठी व्हेक्स आयक्यूची टीमवर्क पद्धत मला अधिक निर्मळ वाटते: दोन संघ, 60 सेकंद, समोर प्रतिस्पर्धी नाही आणि मिळालेले गुण दोघांनाही सारखेच. शिवाय प्रत्येक संघाला मध्येच चालक बदलावा लागतो, त्यामुळे एकच पटाईत मूल सगळे ओढून नेत नाही. मोठ्यांच्या व्हेक्स व्ही5 मध्ये बरोबरी फोडण्याच्या निकषांत हरलेल्या अलायन्सचे गुण दोन्ही बाजूंच्या खात्यात धरले जातात, म्हणून समोरच्याचा फडशा पाडणे महागात पडू शकते. युक्ती छान आहे, पण ती मुलांना समजावून सांगताना घाम फुटतो. रोबोकप ज्युनियरमध्ये वेगवेगळ्या देशांच्या संघांना एकत्र बांधून सुपरटीम करतात आणि तेथे पहिला अडथळा भाषेचाच असतो. यांपैकी कोठेही निवडीची ती संध्याकाळ फर्स्टइतक्या खोलीची नाही.

ज्या संघात किमान वीसेक मुले आहेत, रोबोट सामन्यागणिक फारसा न मोडता उभा राहतो आणि मार्गदर्शक रांगेत तोंड बंद ठेवू शकतात, अशा संघाला ही स्पर्धा मी बिनदिक्कत सुचवीन. पाच-सहा मुलांच्या संघाने पहिले वर्ष तरी दोन विरुद्ध दोनच्या एखाद्या लहान स्पर्धेत काढावे. आणि जे उतरणारच आहेत, त्यांनी पहिल्या सामन्याआधी एका कागदावर आपला रोबोट काय करतो, दहापैकी किती वेळा करतो आणि काय मुळीच करत नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या प्रती रांगेत वाटाव्यात. आम्ही तिसऱ्या हंगामापासून तसे करतो. तिसरा रकाना भरताना मुले दर वेळी भांडतात आणि मी मध्ये पडत नाही. मार्करही जास्तीचे न्यावेत. रांगेत ते उसने जातात आणि परत येताना दुसऱ्याच संघाचे येतात.